तो उठला, पण माझं काय उठलं? पुनरुत्थानाची आशा, सोप्या भाषेत

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात जो पाऊस झाला, त्यात आबांची नदीकाठची सव्वा एकर जमीन खरडून गेली. सोयाबीन गेलंच, खालची मातीही गेली. उरला तो मुरूम आणि गोटे. त्याच्या तीन महिने आधी, जूनमध्ये, वहिनी गेल्या होत्या. आबा माझे थोरले चुलतभाऊ. नाताळात गावी गेलो तेव्हा ओसरीवर बसून बोलता बोलता ते म्हणाले, "ईस्टरला मला बोलवू नको. तुम्ही गाणार, तो उठला, तो उठला. उठला ना, चांगलं झालं. पण माझं काय उठलं?"

मला तिथं उत्तर देता आलं नाही. मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही; शाळामास्तर आहे. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, अधूनमधून उपदेशाला उभा राहतो. पण तेव्हापासून तो प्रश्न माझ्यासोबत आहे. त्यातच शाळेतले सहकारी दरवर्षी या दिवसांत विचारतात, की गुड फ्रायडेची सुट्टी कळते, पण नंतरच्या रविवारी नेमकं काय असतं? म्हणून हे दोघांसाठी लिहितोय. ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांना लहानपणापासून सगळं पाठ आहे पण आता ते हाताशी येत नाही त्यांच्यासाठी.

सण कधी, कशाचा?

येशूला वधस्तंभावर खिळलं ते यरुशलेमात, वल्हांडण सणाच्या दिवसांत. यहुदी लोकांचा हा सण वसंतातल्या पौर्णिमेला येतो. म्हणून ईस्टरची तारीखही चंद्रावरून ठरते : २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येईल, तिच्या पुढचा रविवार. आपल्या पंचांगात ती पौर्णिमा बहुधा चैत्राची असते, कधी फाल्गुनाची. यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, हनुमान जयंती गुरुवारी २ एप्रिलला, गुड फ्रायडे दुसऱ्या दिवशी आणि ईस्टर ५ एप्रिलला आहे.

शुक्रवारी मरण, रविवारी पहाटे रिकामी कबर : येशू मेलेल्यांतून उठला. ख्रिस्ती विश्वास या तीन दिवसांवर उभा आहे. पौल या पहिल्या पिढीतल्या ख्रिस्ती प्रचारकाने ग्रीसमधल्या करिंथ शहराच्या मंडळीला स्पष्ट लिहिलं, की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. म्हणजे ही गोष्ट काढून घेतली तर मागे चांगली शिकवण उरेल, पण ख्रिस्ती धर्म उरणार नाही.

मुदतवाढ आणि कोरा सातबारा

पुनरुत्थान हा शब्द फोडला तर पुन्हा उठून उभं राहणं. बायबलच्या नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द ‘अनास्तासिस’, त्याचाही अर्थ हाच. पण आपल्याकडे हा शब्द ऐकला की मन लगेच ओळखीच्या कल्पनांकडे वळतं, आणि तिथंच गल्लत होते.

पहिली कल्पना पुनर्जन्माची. त्यात आत्मा तोच, देह दुसरा, आधीची ओळख पुसलेली आणि फेरा चालू. पुनरुत्थानात माणूस तोच असतो, नावासकट आणि आठवणींसकट. दुसरी कल्पना अमर आत्म्याची : देह म्हणजे पिंजरा, तो तुटला की पाखरू मोकळं. ग्रीक लोकांना ही कल्पना फार आवडायची. म्हणूनच पौल अथेन्समध्ये मेलेल्यांच्या पुनरुत्थानाबद्दल बोलू लागला तेव्हा काहींनी त्याची थट्टा केली. पिंजरा परत कशाला हवा, असं त्यांना वाटलं असणार.

तिसरी गल्लत जास्त बारीक आहे, आणि ती आम्ही ख्रिस्ती लोकही करतो. मेलेल्याला पुन्हा जीव येणं म्हणजे पुनरुत्थान नव्हे. बेथानीचा लाजर कबरेत चार दिवस होता. येशूने हाक मारली आणि तो प्रेतवस्त्रांसकट बाहेर आला. पण लाजर पुढं कधीतरी पुन्हा मेलाच. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर लाजराच्या कर्जाचं पुनर्गठन झालं. हप्ता पुढं ढकलला, बोजा तसाच राहिला. ईस्टरच्या पहाटे जे घडलं असं आम्ही मानतो, ते सातबारा कोरा होणं आहे. मरणाचा बोजाच उतरला. तो माणूस आता परत मरणार नाही.

आणि तो भूत म्हणूनही आला नाही. येशूचं चरित्र लिहिणाऱ्या चौघांपैकी एक, लूक, लिहितो, की शिष्य घाबरले तेव्हा येशूने ‘इथं खायला काही आहे का?’ असं विचारलं आणि भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यासमोर खाल्ला. हातापायांवर खिळ्यांच्या खुणा होत्या. पण बंद दारांच्या घरातही तो मध्ये येऊन उभा राहिला आणि ओळखीच्या माणसांनाही पटकन ओळखू आला नाही. देह तोच, पण काहीतरी बदललेला. पौलाने यासाठी बियाण्याचं उदाहरण दिलं : तुम्ही पेरता तो नुसता दाणा असतो, उगवतं ते दाण्यासारखं दिसत नाही, तरी ते त्याच दाण्याचं असतं. ज्यांचा देह जळाला, पाण्यात वाहून गेला किंवा सापडलाच नाही त्यांचं काय, या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. दाणा जमिनीत कुजतो हे पौलाला माहीत होतं.

हे घडलं कशावरून?

हा प्रश्न विचारायला हवाच. थोमा नावाच्या शिष्याने तो विचारला होता आणि येशूने त्याला रागावून हाकललं नाही.

प्रयोगशाळेत सिद्ध करावी अशी ही गोष्ट नाही. इतिहासात एकदाच घडलेल्या कोणत्याही गोष्टीला असतात तशा इथं साक्षी आहेत. त्यातली सर्वांत जुनी लेखी साक्ष पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे, पंधराव्या अध्यायात. पत्र साधारण इ. स. ५५ च्या आसपासचं, म्हणजे वधस्तंभानंतर सुमारे २५ वर्षांनी लिहिलेलं. पौल त्यात यादी देतो : पेत्र या प्रमुख शिष्याला दिसला, ‘बाराजण’ म्हणवल्या जाणाऱ्या शिष्यांना दिसला, एकाच वेळी पाचशेहून अधिक लोकांना दिसला, आणि त्यातले बहुतेक अजून जिवंत आहेत.

२५ वर्षं म्हणजे किती? किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला झाला, त्याला आता ३२ वर्षं उलटली. मी आज औसा तालुक्यात जाऊन सांगितलं, की तो भूकंप भरदुपारी झाला होता, तर तिथली कुठलीही आजी मला तिथंच गप्प करील. पहाटेचे चार वाजायला आले होते, आदल्या रात्री गणपती बोळवले होते, कोण कुठं झोपलं होतं, हे सगळं ती सांगेल. पौल जेव्हा ‘बहुतेक जिवंत आहेत’ असं लिहितो तेव्हा तो करिंथच्या लोकांना हेच म्हणतोय, की जा आणि विचारा. दंतकथा वाढायला लागणारा काळ मधे गेलेलाच नव्हता.

मला जास्त पटणारी गोष्ट दुसरीच आहे. रिकामी कबर पहिल्यांदा पाहिली ती बायकांनी. त्या काळच्या यहुदी न्यायव्यवहारात बाईच्या साक्षीला फारसं वजन नव्हतं. कोणी गोष्ट रचायला बसलं असतं, तर पहिला साक्षीदार म्हणून पेत्राला उभं केलं असतं, मग्दालीया मरीया या शिष्येला नव्हे. शिष्यांनीही त्या बायकांवर विश्वास ठेवला नाही, आणि ही नामुष्की शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रांत, जशीच्या तशी लिहून ठेवली आहे.

शिष्यांनी देह चोरला असेल, ही शंका नवी नाही. मत्तयाने ती आपल्याच शुभवर्तमानात नोंदवली आहे. सगळा भास असेल, असंही म्हणतात. पण भास सहसा आस लावून बसलेल्याला होतो. पौल तर, येशू त्याला दिसेपर्यंत, या लोकांचा छळ करत फिरत होता. एवढं सांगूनही मी मान्य करतो, की साक्षी माणसाला उंबऱ्यापर्यंत आणतात. आत पाऊल टाकायचं ते विश्वासानेच.

त्याचं झालं, माझं काय?

आता आबांच्या प्रश्नाकडे येतो. पौलाने उठलेल्या ख्रिस्ताला एक शेतकरी शब्द वापरला आहे : प्रथमफळ. मोशेच्या नियमशास्त्रात अशी रीत होती, की कापणीची पहिली पेंढी याजकाकडे आणायची. ती अख्ख्या रानाच्या वतीने यायची. पेंढी आली याचा अर्थ पीक उभं आहे.

आपल्याकडे हे कळायला हुरडा पुरेसा आहे. थंडीत शाळूची कणसं कोवळी असतात तेव्हा आगटी पेटवायची, कणसं भाजायची, हातावर चोळून गरम दाणे खायचे. त्या दिवशी घरात एक पोतं आलेलं नसतं. खळं लांब असतं. पण तोंडात जो दाणा आहे तो त्याच रानाचा आहे, त्याच मुळांचा. हुरडा खाणारा माणूस पीक आलं असं म्हणत नाही, पण पीक नाही असंही म्हणू शकत नाही. येशूचं उठणं हा असा पहिला दाणा आहे. त्याच्या एकट्याच्या वाट्याला आलेलं ते बक्षीस नाही. जे माणसांचं व्हायचं आहे ते एका माणसात आधी झालं.

इथं आबा लगेच म्हणतील, की हुरड्यानंतर गारपीट होते. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये उभी ज्वारी आणि गहू आपण आडवे झालेले पाहिलेत. खरं आहे. दाखला इथं तुटतो, आणि तो तुटतो हे सांगायलाच हवं. कारण ख्रिस्ती आशा ‘यंदा पीक येईल’ असं सांगत नाही. कर्ज फिटेल, आजार बरा होईल, पोराला नोकरी लागेल, यातलं कशाचंही वचन त्या रिकाम्या कबरेत नाही. जे उपदेशक तसं वचन देतात ते गरिबांना फसवतात, असं माझं स्पष्ट मत आहे. आशा वेगळी आणि अंदाज वेगळा. अंदाज हवामानखातं देतं. आशा कोणाच्या तरी शब्दावर उभी असते, आणि इथं ज्याचा शब्द आहे त्याने स्वतः मरण भोगून तो पाळला.

मग रडायचं नाही का?

वहिनींच्या दफनविधीला आलेल्या एकाने आबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "रडू नका, त्या प्रभूजवळ गेल्या." त्यांचा हेतू चांगला होता. पण त्या वाक्याने आबांचं तोंड मिटलं ते मिटलंच.

सप्टेंबरच्या पावसात उभ्या सोयाबीनच्या शेंगांतच कोंब फुटले होते, हे अनेकांनी पाहिलं. कोंब हिरवा होता, दिसायला जिवंत होता, पण तो जमिनीत न जाता फुटला होता. तो दाणा ना खायला उपयोगी ना विकायला. घाईचं सांत्वन असंच असतं. दुःखाच्या मातीत न उतरता ते वरच्यावर फुटतं आणि दोन दिवसांत सडतं.

येशू लाजराच्या कबरेपाशी आला तेव्हा आपण याला उठवणार आहोत हे त्याला ठाऊक होतं. तरी तो रडला. पवित्र शास्त्रातल्या सर्वांत लहान वचनांपैकी एक तिथंच आहे : ‘येशू रडला.’ ज्याला शेवट ठाऊक होता त्यालाच अश्रू आवरले नाहीत, तर आपण कोणाला कोणत्या तोंडाने ‘रडू नका’ म्हणायचं? पौलाने थेस्सलनीकाच्या लोकांना लिहिलं ते वाक्यही आपण अर्धंच वाचतो. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, असं तो लिहितो. शोक करूच नका, असं लिहीत नाही.

मधला शनिवार

शुक्रवार आणि रविवार यांच्या मधे एक अख्खा दिवस आहे, आणि शुभवर्तमानं त्याबद्दल जवळजवळ गप्प आहेत. कबरेवर धोंड लोटलेली आणि शिष्य दारं लावून बसलेले. त्या शनिवारी कोणाला रविवार ठाऊक नव्हता.

रविवारी दुपारीसुद्धा दोघेजण यरुशलेम सोडून अम्माऊस गावाला निघाले होते. वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाला ते म्हणाले, ‘आम्हांला आशा होती की...’ आशा होती. भूतकाळ. आबांच्या बोलण्यात मला तेच क्रियापद ऐकू आलं. त्या वाटसरूने त्यांना थांबवलं नाही. त्यांच्याबरोबर तो चालत राहिला, त्यांचं सगळं ऐकून घेतलं, मग बोलला, आणि संध्याकाळी भाकर मोडली तेव्हा तो कोण ते त्यांना कळलं. तोवर ते बरोबर उलट्या दिशेने चालले होते, तरी तो सोबत होता.

देव त्या पावसाच्या रात्री कुठे होता, किल्लारीच्या त्या पहाटे कुठे होता, याचं कारण पुनरुत्थान सांगत नाही. येशूनेही वधस्तंभावर ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ असं विचारलं आणि शुक्रवारी त्याला शब्दांत उत्तर मिळालं नाही. रविवारी मिळालं तेही स्पष्टीकरण नव्हतं.

देहाला एवढी किंमत कशाला?

हे आम्हा मराठवाड्यातल्या ख्रिस्ती लोकांना इतरांपेक्षा लवकर कळायला हवं. नारायण शेषाद्री यांनी १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. जन्माने ते ब्राह्मण. पुढं ते जालना भागात आले आणि जालन्याजवळ त्यांनी बेथेल ही वसाहत वसवली. बेथेल म्हणजे देवाचं घर. तिथं राहायला आली त्यातली कितीतरी कुटुंबं गावकुसाबाहेरची होती. आमचे पणजोबाही तसेच, दुसऱ्या गावच्या वेशीबाहेरचे. त्यांच्या अंगाला कोणी हात लावत नसे, पाणी वरून ओतलं जाई.

अशा माणसाला ‘तुझा आत्मा अमर आहे’ एवढंच सांगितलं असतं तर त्याला त्यात नवं काही मिळालं नसतं. त्याचा अपमान झाला होता तो देहाचा. पुनरुत्थान सांगतं, की देव हाच देह उठवणार आहे. आणि उठलेल्या येशूने थोमाला काय म्हटलं? तुझा हात इकडे कर, माझ्या कुशीत घाल. विश्वातला पहिला नवा देह, आणि त्याचं म्हणणं, हात लाव. पणजोबांनी हे पहिल्यांदा ऐकलं असेल तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, याचा विचार मी अनेकदा करतो. मंडळ्यांमधून जात पुरती गेली नाही, हेही मला इथं लाजेने लिहावं लागतं. जिथं ती उरली आहे तिथं ईस्टरची गाणी खोटी पडतात.

‘पण याने पोट भरतं का?’

हा आक्षेप सर्वांत जुना. मेल्यानंतरच्या गोष्टी सांगून जिवंतपणीची उपासमार विसरायला लावता, असं म्हणतात. असं घडलेलंही आहे, म्हणून तो टाळून चालत नाही.

त्याचं उत्तर मला पौलाच्या त्याच पत्रात मिळालं, आणि तेही उशिरा. पंधरावा अध्याय म्हणजे पुनरुत्थानावरचं सर्वांत उंच लिखाण. शेवटी तर तो गातच सुटतो : अरे मरणा, तुझी नांगी कोठे? ज्याच्या घरात रात्री विंचू निघतो त्याला ‘नांगी’ या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. त्यानंतर एकच वाक्य येतं, की म्हणून स्थिर राहा, प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. आणि लगेच पुढची ओळ आहे वर्गणीविषयी! यरुशलेमातल्या गरिबांसाठी पैसे गोळा करायचे होते. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या मिळकतीप्रमाणे बाजूला काढून ठेवावं, असं तो सांगतो. मधला सोळाव्या अध्यायाचा आकडा पौलाने घातलेला नाही. अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली आहे. पौलाच्या कागदावर मरणाचा पराभव आणि वर्गणीची वही शेजारी-शेजारी होती. आठवड्याचा पहिला दिवस, तोही रविवारच.

श्रम व्यर्थ नाहीत, हे खरडलेल्या रानाच्या मालकाला सांगणं सोपं नाही. वीस वर्षांचं शेणखत एका रात्रीत वाहून गेलं तर श्रम व्यर्थ गेले असंच दिसतं. पौलाचं म्हणणं असं, की देव हे जग टाकून देऊन दुसरं करणार नाही, हेच उठवणार आहे. म्हणून या जगात प्रेमाने केलेलं काम टाकाऊ होत नाही. ते कसं जपलं जातं हे मला दाखवता येत नाही. पण ज्याने यावर विश्वास ठेवला तो हात बांधून बसू शकत नाही, एवढं मी पाहिलं आहे.

फेब्रुवारीत आमच्या मंडळीने वर्गणी काढली. फार जमली नाही, पण डिझेल निघालं. शेजारच्या दोन शेतकऱ्यांनी, जे ख्रिस्ती नाहीत, आपले ट्रॅक्टर दिले. तलाव आटत आला होता, त्यातला गाळ काढून आबांच्या रानात टाकायला सुरुवात झाली. खेपा चालू आहेत, अजून निम्मं रान उघडंच आहे. पहिले दोन दिवस आबा बांधावर नुसते उभे होते. तिसऱ्या दिवशी फावडं घेऊन उतरले.

परवा रात्री त्यांचा फोन आला. "पहाटे किती वाजता जाता रे तुम्ही कबरस्तानात?"

ईस्टरला आमच्याकडे सूर्योदयाची उपासना दफनभूमीत होते. म्हटलं, "साडेचारला निघतो."

थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एक सांग. ती मला वळखील का?"

मी त्यांना मग्दालीया मरीयेचं सांगितलं. ती कबरेपाशी रडत उभी होती. येशू समोर आला तरी तिला वाटलं माळीच आहे. त्याने तिला नावाने हाक मारली, तेव्हा तिने ओळखलं.

आबा म्हणाले, "पावसानं तिच्या कबरेची माती खचलीय. खड्डा पडलाय मधी. मी गाळाची दोन घमेली घेऊन येतो. तू टिकाव आण."